वन्यजीव उपचार केंद्रासाठी काय शिवावे आणि काय शिवू नये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शिवणवर्गात सुती कापडाचे तुकडे उरतात, घरोघरी जुन्या साड्या पडून आहेत, आणि ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांच्या वेळी लोकांनी कांगारूच्या पिल्लांसाठी पिशव्या शिवल्याचे वाचल्यापासून वर्गातल्या मुलींना आपल्याकडच्या जखमी पक्ष्या-प्राण्यांसाठी तसेच काही करायचे आहे. नमुना कोणता घ्यावा, कापड कोणते चालेल आणि नेऊन द्यायचे कुठे?

नमुना शोधू नका, आधी केंद्राला फोन करा. उगीच रीतभात म्हणून सांगत नाही. ऑस्ट्रेलियाचेच बघा. जानेवारी 2015 मध्ये तिथल्या वणव्यांत कोआलांचे पंजे भाजले. भाजलेल्या पंजाला मलम लावून पट्टी बांधतात आणि वर सुती मोजा चढवतात. इंटरनॅशनल फंड फॉर ॲनिमल वेल्फेअर या संस्थेने असे मोजे शिवून पाठवा म्हणून आवाहन केले, तर एवढे मोजे येऊन पडले की लगोलग सांगावे लागले, मोजे पुरे झाले, आता कांगारू आणि पॉसम (झाडावर राहणारा तिथला छोटा प्राणी) यांच्या पिल्लांसाठी पिशव्या शिवा. पुढे 2019-20 च्या वणव्यांत ॲनिमल रेस्क्यू क्राफ्ट गिल्ड या गटाच्या हाकेला जगभरातून ओ मिळाली आणि जानेवारी 2020 मध्येच त्यांनाही जरा थांबा म्हणायची वेळ आली. माल आला तरी तो उघडायला, निवडायला, धुवायला आणि पोचवायला माणसे लागतात, आणि तीच माणसे तेव्हा प्राण्यांच्या उपचारात गुंतलेली असतात.

शिवाय ती पिशवी तिथे का लागते तेही ध्यानात घ्या. कांगारू, वॅलबी, पॉसम यांच्या आईच्या पोटाला पिशवी असते. आई गाडीखाली मेली तरी आतले पिल्लू जगलेले असते आणि पुढे कित्येक महिने त्याला तशीच अंधारी, लोंबती, उबदार जागा द्यावी लागते. आपल्या जंगलात असा एकही प्राणी नाही. त्यामुळे तिकडचा नमुना जसाच्या तसा उतरवून शंभर पिशव्या शिवल्या तर त्यातल्या बऱ्याचशा आपल्याकडे कपाटातच राहतील.

आपल्याकडे नागपूरला सेमिनरी हिल्सवर आणि पुण्यात बावधनला वन्यप्राण्यांची ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर, म्हणजे तात्पुरती उपचार केंद्रे, आहेत. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात बचाव केंद्र आहे, जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे. प्रत्येकाची गरज वेगळी. बिबट्यांच्या केंद्राला खारीच्या पिशव्या काय कामाच्या? तुमच्या जिल्ह्यात कोण काम करते हे वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. आणि वर्गात एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. आपण शिवून द्यायचे, पिल्लू घरी आणून सांभाळायचे नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 39 प्रमाणे वन्यप्राणी ही सरकारी मालमत्ता आहे आणि असा प्राणी हाती आला तर 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनविभागाच्या अधिकाऱ्याकडे कळवावे लागते. पिशवी तयार आहे म्हणून खारीचे पिल्लू ठेवून घेतले, असे होता कामा नये.

आता कापड. वापरून मऊ झालेले सुती कापड सगळ्यात चांगले. जुनी धोतरे, लुगडी, चादरी, फलालीन, काहीही चालते. सुती म्हणून आणलेल्या चादरीत कधीकधी निम्मे पॉलिस्टर असते, म्हणून काठाचा एक धागा काढून जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि बोटाने चुरडली जाणारी राख राहते. पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. मणी झाला तर ते कापड पिल्लाच्या अंगाशी नको. ते ओल शोषत नाही आणि पिल्लाच्या मुताने ओला झालेला तळ त्याच्या अंगाची ऊब काढून घेतो. नवे मांजरपाट किंवा केंब्रिक आणलेत तर खळ जाईपर्यंत धुवा. जर, टिकल्या, भरतकाम, लेस असेल तेवढा भाग कापून बाजूला ठेवा. जरीची तार सुटली की कापते.

टॉवेल सगळ्यांना आधी आठवतो, कारण तो मऊ असतो. पण टॉवेलच्या प्रत्येक फाशात एक नख अडकू शकते. पक्ष्याचे नख आकड्यासारखे वाकलेले असते, ते फाशात गेले की पक्षी घाबरून ओढतो आणि बोट मुरगळते. टॉवेल पुसायला द्या, अंथरायला नको. फ्लीसला फासे नसतात आणि त्याच्या कडाही उसवत नाहीत, म्हणून बाहेरच्या थराला ते चालते. ते पॉलिस्टरच असते, त्यामुळे आतला थर मात्र सुतीच हवा.

डांबराच्या गोळ्या घातलेल्या पेटीतल्या साड्या आल्या तर त्या दोनदा-तीनदा धुऊन उन्हात घाला, आणि तरी वास राहिला तर सरळ नाकारा. नॅप्थलीन विषारी असते आणि बोटभर पिल्लू त्या वासात चोवीस तास झोपणार असते. कापडाला मऊपणा आणणारी सुगंधी द्रव्ये शेवटच्या पाण्यात घालायची सवय असेल तर या कापडांपुरती मोडा.

रंगाचे म्हणाल, तर आतला थर फिका हवा. रक्त, विष्ठेचा रंग, गोचीड, पिसवा हे सगळे फिक्या कापडावर लगेच दिसते, आणि सकाळी पिशवी बदलताना डॉक्टरांना तेच बघायचे असते. बाहेरचा थर गडद ठेवा. हत्ती, फुलपाखरे छापलेले कापड वापरायला हरकत नाही, फक्त त्यासाठी वेगळा खर्च करू नका.

या सगळ्यापेक्षा माझा भर शिवणीवर आहे. माणसासाठी शिवताना आपण सुलट बाजू नीटनेटकी करतो आणि उलट बाजूला जे काय राहील ते राहील म्हणतो. इथे प्राणी उलट बाजूतच राहतो. उसवलेल्या कडेचा एक लांब धागा खारीच्या पिल्लाच्या पायाला गुंडाळला जातो, पिल्लू कूस बदलते तशी गाठ आवळत जाते, रक्त थांबते, पाय सुजतो आणि काळा पडतो. रात्रीतून एवढे होऊ शकते. केंद्रात चुकून धागे सुटलेली पिशवी पोचलीच तर ती बाजूला पडते, आणि तुमच्या मुलींची मेहनत वाया जाते.

म्हणून कुठेही कच्ची कड उघडी राहता कामा नये. फ्रेंच शिवण घाला. कापडाच्या उलट बाजू एकमेकींना लावून काठापासून अर्ध्या सेंटिमीटरवर पहिली टीप मारा, उरलेली माया तीन मिलिमीटरपर्यंत कातरा, पिशवी उलटवून सुलट बाजू एकमेकींना लावा आणि सात मिलिमीटरवर दुसरी टीप मारा. कच्ची कड त्या दोन टिपांमध्ये बंद होते. नुसते ओव्हरलॉक पुरत नाही, कारण ओव्हरलॉक म्हणजे धाग्यांचे फासेच. टाका बारीक ठेवा, दोन ते अडीच मिलिमीटरचा. बॉबिनचा ताण सैल असेल तर खालच्या बाजूला धाग्याचे छोटे फुगे राहतात, तेव्हा चिंधीवर टीप मारून बघितल्याशिवाय सुरुवात करू नका. शेवटी उलटी टीप मारून धाग्याचे शेपूट अगदी मुळाशी कापा.

आणि तपासायची एक युक्ती. क्रोशाची सगळ्यात बारीक सुई घ्या आणि तिचा आकडा सगळ्या शिवणींवरून हलके ओढत न्या. जिथे आकडा अडकेल तिथे नख अडकणार. वर्गात हे काम सगळ्यात चिकाटीच्या मुलीला द्या.

आता काय शिवायचे ते सांगते. माझा अनुभव असा की केंद्रांना सगळ्यात जास्त उपयोगी पडते ते दिसायला सगळ्यात कंटाळवाणे असते, आणि ते म्हणजे पिंजऱ्याचे आवरण. वन्यप्राण्याला वेदनेपेक्षाही कधीकधी माणूस दिसण्याचा धसका मोठा असतो. घार असो, घुबड असो, उदमांजर असो, अंधार केला की धडपड कमी होते. तेव्हा केंद्राकडून त्यांच्या पिंजऱ्यांची, प्रवासाच्या खोक्यांची मापे मागवा आणि त्या मापाने जुन्या चादरींची किंवा पडद्यांची खोळ शिवा. पुढची बाजू वर गुंडाळून बांधता येईल अशी ठेवा, मागची हवेसाठी तळापासून वीतभर उघडी. नाड्या बाहेरच्या बाजूला हव्यात आणि आखूड हव्यात, कारण माकडाचे पिल्लू आत आलेली नाडी ओढून गळ्यात अडकवून घेते. एप्रिल-मेसाठी पातळ कापडाचा वेगळा जोड द्या. उन्हाळ्यात जाड आवरणाखाली पिंजरा तापतो.

पिल्लांच्या पिशव्या लागतात त्या मुख्यतः खारींच्या पिल्लांना, आणि कधी उदमांजराच्या. खारीसाठी 20 बाय 25 सेंटिमीटरचे दोन तुकडे पुरतात. तोंड उघडे ठेवा, नाडी नको, काठ तीन सेंटिमीटर आत दुमडून पक्की टीप मारा. बाहेरची पिशवी एक आणि तिच्यात सैल बसणाऱ्या आतल्या पिशव्या पाच, असा संच करा, कारण आतली दिवसातून अनेकदा बदलावी लागते आणि बाहेरची क्वचित. पिशवी स्वतः ऊब निर्माण करत नाही हे मुलींना समजावून सांगा. ऊब देते ती बाजूला ठेवलेली, कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. ती खोक्याच्या अर्ध्याच भागात ठेवतात, म्हणजे फार गरम झाले तर पिल्लाला सरकून जाता येते. त्यामुळे पिशवीलाच बाटलीचा कप्पा शिवण्याची कल्पना डोक्यात आली तर सोडून द्या.

पक्ष्यांच्या सुती थैल्या ही आपल्याकडची जुनी, पारखलेली वस्तू आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे लोक स्थलांतरित पक्ष्यांच्या पायात कडी घालण्यासाठी ते पकडतात, तेव्हा जाळ्यातून काढलेला पक्षी अशाच थैलीत ठेवून वजन करतात. बुलबुल-साळुंकीच्या आकारासाठी 20 बाय 30, कबूतर-पोपटासाठी 30 बाय 40 सेंटिमीटर. कापड हवा खेळणारे हवे, तोंडाला नेफा आणि एक साधी सुती नाडी. इथे फ्रेंच शिवणीची कड थैलीच्या बाहेर येईल अशी शिवा, आत अगदी सपाट. थैली तयार झाल्यावर कोरडी असताना तिचे वजन करा आणि न पुसणाऱ्या शाईने नेफ्यावर लिहा, म्हणजे केंद्रात दर वेळी वजा करायला थैली वेगळी तोलावी लागत नाही. एवढ्याशा गोष्टीने तिथली मंडळी तुमच्यावर खूश होतील.

या थैल्या संक्रांतीआधी पोचवा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2017 मध्ये देशभर बंदी घातली, तरी जानेवारीत पंख कापलेली कबुतरे, घारी, बगळे येतच राहतात. हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्यांऐवजी अशा थैल्यांचे वाण लुटायची कल्पना कोणी काढली तर मला आवडेल, पण थैलीबरोबर दोन ओळी छापून द्या. जखमेत रुतलेला मांजा ओढू नये, दोन्ही बाजूंनी बोटभर ठेवून कापावा. आणि घरी थैलीपेक्षा भोके पाडलेले पुठ्ठ्याचे खोके बरे, थैली फक्त थोड्या वेळासाठी. घार तर थैलीत घालूच नये, ती कापडातून पंजा मारते.

सापाची पिशवी शिवायची तर ती वनविभागाशी जोडलेल्या, प्रशिक्षित सर्पमित्राने मागितली तरच. तिचे कापड घट्ट विणीचे, शिवण दुहेरी आणि कड बाहेर. रुंदी 45 आणि खोली किमान 100 सेंटिमीटर ठेवा. तोंडाशी पीळ देऊन गाठ मारता आली पाहिजे आणि गाठीखाली साप बसायला जागा उरली पाहिजे. तळाच्या दोन्ही कोपऱ्यांवर तिरपी टीप मारून ते बंद करा. हे कोपरे पकडून पिशवी उलटी करायची असते. टीप असल्याने साप कोपऱ्यात शिरत नाही आणि माणसाची बोटे सापापासून दूर राहतात. बरेच सर्पमित्र आता पिशवीच्या तोंडाला पाइप लावतात, कारण अंधारे बीळ समजून साप आपणहून आत जातो. 110 मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा घेर साधारण साडेचौतीस सेंटिमीटर येतो, त्यावर घट्ट बसेल असा गळा पिशवीला शिवून द्या. घोणशीचे दात कापडातून सहज आरपार येतात, म्हणून भरलेली पिशवी नेहमी झाकणाच्या बादलीत ठेवतात. हे सर्पमित्राला माहीत असते. पिशवी घरात पडून राहिली आणि एखाद्या उत्साही मुलाच्या हाती लागली तर त्याला माहीत नसते, म्हणून जास्तीच्या शिवून ठेवू नका.

चितळ, काळवीट यांच्यासाठी डोळ्यांची पट्टी मागतात. विहिरीत पडलेले किंवा कुत्र्यांनी धरलेले हरीण जखमेने मरत नाही एवढे भीतीने मरते. धडपडीत त्याचे स्नायू खराब होतात आणि सुटका झाल्यावरही ते दगावू शकते. डोळे झाकले की ते पुष्कळ शांत होते. गडद सुती कापडाचे दोन थर, मध्ये फलालीन, डोळ्यांच्या जागी थोडा फुगवटा म्हणजे पापण्या दबणार नाहीत, नाकपुड्या पूर्ण मोकळ्या. मागे एका ओढीत सुटेल असे वेल्क्रो. याचे माप मात्र तिथे जाऊन, डॉक्टरांसमोर घ्या.

माकडाच्या अनाथ पिल्लाला बिलगायला काहीतरी लागते. फलालीनची घट्ट गुंडाळी त्याला पुरते. बाहुली केलीच तर बटणांचे डोळे नकोत, आत फायबर नको, चिंध्याच भरा.

जे शिवू नये त्यात पहिला नंबर पक्ष्यांच्या जाकिटाचा. इंटरनेटवर पेंग्विनचे स्वेटर बघून ही फर्माईश हमखास येते. ऑस्ट्रेलियात फिलिप बेटावर 2001 च्या तेलगळतीत पेंग्विनना ते घातले होते, चोचीने पिसे साफ करताना त्यांनी तेल गिळू नये एवढ्यासाठी, आणि तेही अंग धुऊन होईपर्यंत. आपल्या कबुतराचा प्रश्न तो नाही. पक्ष्याला आपल्यासारखे श्वासपटल नसते, छातीचे हाड पुढेमागे हलते तेव्हाच त्याचा श्वास चालतो. छातीभोवती घट्ट कापड आले की तो गुदमरतो. पंखाची पट्टी डॉक्टरच बांधतात.

लोकरीची विणलेली घरटीही नकोत, तिथे पुन्हा फाशांचा प्रश्न आहे. पिल्लाला घरट्याचा आकार लागतो हे खरे, सपाट गुळगुळीत तळावर त्याचे पाय फाकतात. त्यासाठी चिंध्यांची घट्ट वळी करून तिला सुती खोळ घाला आणि दोन टोके जोडून चुंबळ करा. वेगवेगळ्या वाट्यांत बसतील अशा तीन मापांत केल्या की झाले. मे-जूनमध्ये पावसाळ्याआधी शहरांत फांद्या छाटतात, तेव्हा या भराभर लागतात.

वटवाघळांसाठीचे गुंडाळे ऑस्ट्रेलियात फार प्रसिद्ध आहेत. आपल्याकडे केंद्राने मागितल्याशिवाय शिवू नका. वटवाघळांना रेबीजची लस घेतलेली, प्रशिक्षित माणसेच हात लावतात. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला निपाह या विषाणूच्या संसर्गाच्या खुणा सापडल्या होत्या. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, पण आपल्या शिवलेल्या कापडाने कोणाला वटवाघूळ उचलायचा मोह व्हायला नको.

माल देताना सगळे एकदा गरम पाण्यात, साध्या साबणात धुऊन, उन्हात वाळवून द्या. केंद्रात ही कापडे उकळत्या पाण्यातून आणि जंतुनाशकातून पुन्हा पुन्हा जाणार आहेत. त्यात जे फाटायचे, आटायचे, रंग सोडायचे ते तुमच्याकडेच होऊन जाऊ दे. एका मापाच्या वस्तूंचा एक गठ्ठा बांधा, वर माप आणि नग लिहा. पहिल्या वेळी थोडेच द्या, दोन आवरणे, खारीचा एक संच, चार-पाच थैल्या. महिन्याभराने जाऊन त्यांची काय अवस्था झाली ते बघा. धुण्याने उसवलेली शिवण जेवढे शिकवते तेवढे मी इथे लिहून शिकवू शकणार नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला फोन केलात तर संक्रांतीच्या थैल्या निवांत होतील, आणि त्याच फोनवर उन्हाळ्याच्या आवरणांची मापेही विचारून घ्या.